आधी फोन उलटा करून पाहा

दरवर्षी जून उजाडला की तहसील कार्यालयांत पावसाळी नियंत्रण कक्ष सुरू होतो. कक्ष म्हणजे बहुतेक ठिकाणी एक टेबल, एक फोन, एक नोंदवही आणि पाळीपाळीने बसणारा एक कर्मचारी. बीड जिल्ह्यातल्या वडवणीसारख्या तालुक्यात ही खुर्ची नावापुरती नसते. बालाघाटाच्या डोंगररांगांवरून उतरणारं पाणी ओढ्या-नाल्यांना काही तासांत फुगवतं, कुंडलिकेला पूर येतो, ऊर्ध्व कुंडलिका प्रकल्पातून पाणी सोडलं की नदीकाठच्या गावांचा जीव टांगणीला लागतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड जिल्ह्यानं ते पुरतं अनुभवलं. अशा वेळी फोन करणारा माणूस घाईत असतो, घाबरलेला असतो. गाव कोणतं, वस्ती कोणती, माणसं किती अडकलीत, जनावरं किती, पाणी कुठवर आलंय, परत फोन लावायचा तर कोणत्या नंबरवर, हे सगळं ऐकता ऐकताच लिहून घ्यायचं असतं. मग रिसीव्हर जातो मान आणि खांद्याच्या बेचक्यात. एक हात वहीवर, दुसऱ्यात पेन. रिसीव्हर जरा घसरला की मधलं वाक्य निसटतं, आणि पुराच्या पाण्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला सगळं पुन्हा सांगावं लागतं.

या टेबलावर हेडसेट का नाही, असं विचारलं की सहसा एकच उत्तर येतं: आणला होता, पण या फोनला चालला नाही. हे उत्तर खरं असतं. हेडसेट बिघडलेला नसतो, फोनही धड असतो, तरी दोघांचं जमत नाही. कारण मोबाइलचा चार्जर जसा आता कुठल्याही मोबाइलला लागतो, तसं ऑफिसच्या फोनच्या बाबतीत कधीच झालं नाही. प्रत्येक कंपनीनं आपापली वाट धरली. ती वाट समजून घेतली तर साध्या वायरच्या हेडसेटनं काम भागतं. समजून न घेता आणलेला महागडा हेडसेट मात्र कपाटात जाऊन पडतो.

हेडसेट ही कॉल सेंटरवाल्यांची चीज आहे, अशी आपली समजूत झाली आहे. प्रत्यक्षात ती जवळपास फोनइतकीच जुनी. बेलनं १८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट घेतलं आणि काही वर्षांतच एक्स्चेंजमध्ये लाइन जोडून देणाऱ्या ऑपरेटरना दोन्ही हात मोकळे असण्याची गरज भासू लागली. एका हातानं रिसीव्हर धरला तर वायरी जोडायच्या कुणी? एझ्रा गिलीलँडनं १८८० च्या दशकात खांद्यावर ठेवायचं, काही किलो वजनाचं एक जोखड बनवलं. अमेरिकेतल्या ऑपरेटर ते अंगावर वागवत काम करायच्या. आपल्याकडे कोलकात्याचं एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झालं आणि मुंबईचंही त्याच वर्षी. १९१० मध्ये युटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविननं डोक्यावर बसणारे हेडफोन बनवून अमेरिकेच्या नौदलाकडे पाठवले. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात दोघा वैमानिकांनी प्लँट्रॉनिक्स ही कंपनी काढली, ती विमानात डोक्याला जड न होणारा हेडसेट हवा म्हणून. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून नील आर्मस्ट्राँगचा आवाज पृथ्वीवर आला, तो याच कंपनीच्या माइकमधून.

आपल्या महाराष्ट्रातलं जवळचं उदाहरण म्हणजे १०८. ही रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या. वडवणी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरून १०८ लावला तरी तो फोन पुण्यातल्या केंद्रात वाजतो. तिथं फोन घेणाऱ्याच्या कानाला हेडसेट असतो आणि बोटं कीबोर्डवर. पोलिसांच्या ११२ चंही तेच. म्हणजे संकटाचा फोन घेणाऱ्याचे हात मोकळे असले पाहिजेत, हे शासनाला तत्त्वतः मान्य आहे. ते फक्त तालुक्याच्या टेबलापर्यंत पोचलेलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. टेबलावरचा फोन उलटा करा. त्याला साधारण दोन जागी वायर जाते. एक भिंतीकडून किंवा इंटरकॉमच्या डब्याकडून येणारी, ती लाइनची. दुसरी गुंडाळीदार, रिसीव्हरकडे जाणारी. दोन्हींच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकचा, टिचकीसारखा खटका असलेला कनेक्टर असतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो. लाइनचा कनेक्टर किंचित रुंद असतो, रिसीव्हरचा अरुंद. रुंद कनेक्टर अरुंद खाचेत शिरत नाही, पण अरुंद कनेक्टर रुंद खाचेत सैलसर का होईना, शिरतो. त्यामुळे हेडसेट लाइनच्या खाचेत घालण्याची चूक सहज होते. त्या खाचेत एक्स्चेंजकडून आलेला ४८ व्होल्टचा दाब कायम असतो, आणि रिंग वाजताना तर ७५ व्होल्टच्या आसपास आलटता दाब येतो. रिसीव्हरच्या बाजूला यातलं काही नसतं. तिथं जेमतेम काही व्होल्टचा मामला. हेडसेट नेहमी रिसीव्हरच्या खाचेत किंवा फोनला वेगळी हेडसेटची खाच असेल तर तिच्यात घालायचा, लाइनच्या खाचेत कधीच नाही.

रिसीव्हरच्या वायरीत चार तारा असतात. दोन ऐकण्याच्या, दोन बोलण्याच्या. खाच सगळ्यांची सारखी, कनेक्टर सगळ्यांचा सारखा, पण कोणती तार कुठल्या जागी हे ठरवायला कुणी मध्यस्थ नव्हता. अनेक फोनांत मधल्या दोन तारा ऐकण्याच्या आणि कडेच्या दोन बोलण्याच्या असतात. काही कंपन्यांनी नेमकं उलटं केलं. काहींनी एक मधली, एक कडेची अशी जोडी लावली. म्हणून एका फोनवर झकास चालणारा हेडसेट शेजारच्या टेबलावर मुका होतो किंवा बहिरा. हेडसेट बनवणाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा सोपा आहे. हेडसेट एकच ठेवायचा आणि त्याला जोडायची खालची वायर फोनप्रमाणे बदलायची. हेडसेटच्या शेपटीला एक झटपट सुटणारा जोड असतो, त्याच्या पुढं हवी ती वायर लावता येते. काही वायरींवर छोटं सरकतं बटण आणि १, २, ३ असे आकडे असतात. बटण सरकवत जायचं, ज्या आकड्यावर डायल टोन स्पष्ट ऐकू येईल आणि समोरच्याला आपला आवाज नीट जाईल तो आपला आकडा. मात्र झटपट सुटणारा हा जोडही कंपन्यांनी एकसारखा ठेवला नाही. प्लँट्रॉनिक्स धर्तीचा आणि जाब्रा, म्हणजे डेन्मार्कच्या जीएन कंपनीचा, हे दोन एकमेकांत बसत नाहीत. हेडसेट एका धर्तीचा आणि वायर दुसऱ्या धर्तीची मागवली तर पार्सल परत करण्याशिवाय गत्यंतर नाही.

तारा जुळल्या तरी ऐकू येतं आणि आवाज जात नाही, अशी तक्रार उरतेच. त्याचं कारण माइकच्या जातीत आहे. जुन्या काळ्या डायलच्या फोनमध्ये कार्बनचा माइक असायचा. त्यातले कोळशाचे बारीक कण आवाजाच्या दाबानं दबले-सुटले की त्यांच्यातून जाणारी वीज कमी-जास्त व्हायची. त्याला भरपूर वीज लागे, आणि ती एक्स्चेंज पुरवत असे. ते कण दमटपणानं चिकटून बसायचे, म्हणून सरकारी कार्यालयांत रिसीव्हर टेबलावर आपटून मग बोलायची रीत होती. त्या आपटण्यानं कण खरोखरच मोकळे व्हायचे. पुढं १९६२ मध्ये बेल लॅबमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक काढला. आजचे बहुतेक हेडसेट याच जातीचे. त्याला वीज लागते, पण अगदी थोडी, आणि ती योग्य बाजूनं लागते. धन-ऋण उलटं झालं तर तो गप्प बसतो. तिसरी जात चुंबक आणि गुंडाळीची. तिला बाहेरून वीज लागतच नाही. फोन कार्बनला देण्याइतकी वीज सोडत असेल आणि पुढं इलेक्ट्रेट असेल, तर आवाज फाटतो किंवा माइक जातो. फोन वीजच देत नसेल तर इलेक्ट्रेट मुका. अशा ठिकाणी मध्ये एक छोटा अॅम्प्लिफायरचा डबा बसवतात. तो बॅटरीवर किंवा फोनच्याच विजेवर चालतो, माइकला हवी तेवढी वीज देतो, आवाज कमी-जास्त करायला चाक देतो आणि रिसीव्हर की हेडसेट हे निवडायला बटणही.

गावात इंटरकॉमची कामं करणारा जाणता माणूस हे सगळं मल्टिमीटरनं दोन मिनिटांत ओळखतो. त्याची पद्धत बघण्यासारखी असते. रिसीव्हरची गुंडाळीदार वायर तो फोनकडून काढतो, कनेक्टर उजेडात धरून आतल्या चार तारांचे रंग बघतो: काळी, लाल, हिरवी, पिवळी. मीटर ओहमवर लावून दोन मधल्या पट्ट्यांना पिना टेकवतो आणि रिसीव्हर कानाला लावतो. टक् असा आवाज आला तर ती ऐकण्याची जोडी, कारण मीटरमधून जाणारी इवलीशी वीज पडद्याला हलवते. उरलेल्या जोडीवर तो पिना आलटून पालटून लावतो. दोन्ही बाजूंनी आकडा वेगवेगळा दिसला तर माइक बहुधा इलेक्ट्रेट. मग हीच तपासणी हेडसेटच्या वायरीवर, आणि दोन्हींच्या नोंदी कागदावर शेजारीशेजारी. रंगांवर मात्र तो विसंबत नाही, कारण रंग लावणाऱ्यांचीही कुठं एकवाक्यता नव्हती.

सगळं जुळलं, आवाज आला, गेला, तरी एक प्रश्न राहतो आणि माझ्या मते नियंत्रण कक्षाच्या दृष्टीनं तोच सगळ्यांत महत्त्वाचा: फोन उचलायचा कसा? एक्स्चेंजला फोन उचलला हे कळतं ते रिसीव्हरखालचं बटण वर आल्यामुळं. बटण वर आलं की लाइनमधून वीज वाहू लागते आणि एक्स्चेंज ओळखतं. हेडसेट रिसीव्हरच्या खाचेत लावला तरी हे बटण तसंच असतं. म्हणजे रिंग वाजली की रिसीव्हर उचलून बाजूला ठेवायचा, हेडसेटवर बोलायचं, आणि बोलणं संपलं की रिसीव्हर आठवणीनं जागेवर ठेवायचा. ही आठवण राहिली नाही तर फोन उचललेलाच राहतो, आणि त्यानंतर प्रत्येकाला एंगेज टोन ऐकू येतो. पुराच्या रात्री नियंत्रण कक्षाचा नंबर तासभर एंगेज लागणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. म्हणून ज्या टेबलावर सतत फोन येतात तिथं हेडसेटचं वेगळं बटण असलेला फोनच घ्यावा. ते बटण दाबलं की फोन उचलला जातो, पुन्हा दाबलं की ठेवला जातो, आणि दिवा लागलेला दिसत असल्यानं विसरायला होत नाही. बिनवायरच्या हेडसेटसाठी रिसीव्हर वर ढकलणारं एक मोटरचं यंत्र मिळतं. नव्या फोनांत तेच काम एका छोट्या वायरीनं होतं, पण ती वायरही फोनच्या कंपनीप्रमाणे वेगळी मागवावी लागते.

तालुक्याच्या कार्यालयांत, पतसंस्थांत, दवाखान्यांत, जिनिंगवर फोन थेट एक्स्चेंजला जोडलेला क्वचितच असतो. मध्ये ईपीएबीएक्सचा डबा असतो, ज्याला सगळे इंटरकॉम म्हणतात. आपल्याकडे पॅनासॉनिकचा टीईएस-८२४ खूप चालला. बाहेरच्या आठ लाइन आणि आतली चोवीस एक्स्टेन्शन इथपर्यंत तो वाढवता येतो. बडोद्याच्या मॅट्रिक्स कंपनीचे डबेही पुष्कळ दिसतात. या डब्याला दोन तऱ्हेचे फोन लागतात. बहुतेक एक्स्टेन्शनवर साधे बटणाचे फोन असतात, आणि ऑपरेटरच्या टेबलावर त्याच कंपनीचा पडद्याचा, लाइनच्या बटणांचा मोठा फोन. हेडसेट लावायला हा मोठा फोन सोयीचा. पॅनासॉनिकच्या टी-७७३० सारख्या फोनला हेडसेटसाठी वेगळी गोल, बारीक, अडीच मिलिमीटरची खाच असते, फक्त फोनमध्ये हेडसेटची सोय सुरू करून घ्यावी लागते. ती सुरू केली नाही तर खाच असून नसल्यासारखी. मोबाइलची साडेतीन मिलिमीटरची पिन तिच्यात शिरणार नाही, आणि बदलीची पिन लावून शिरवली तरी आतला तारांचा क्रम जुळेलच असं नाही.

मोबाइलच्या पिनेतही पूर्वी दोन घराणी होती. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर चार भाग होतात: दोन कानांचे दोन, एक माइकचा आणि एक अर्थिंगचा. शेवटच्या दोघांची अदलाबदल केलेले जुने हेडसेट अजून ड्रॉवरमधून निघतात, आणि आवाज पोकळ येतो म्हणून फेकले जातात. काँप्युटरवरून बोलायचं असेल तर डोकेफोड नको, यूएसबी हेडसेट घ्यावा. त्याच्या पोटात स्वतःचं आवाजाचं सर्किट असतं, त्यामुळं व्होल्टचे आणि तारांचे प्रश्नच येत नाहीत. ब्लूटूथ गाण्यांना छान, पण माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा उतरतो, आणि चार्जिंग संपण्याची वेळ आपण ठरवत नाही. चोवीस तासांच्या टेबलावर वायरचाच हेडसेट बरा.

हेडसेट लावला तरी माइक कुठं धरायचा हे कुणी सांगत नाही. काही जण तो हनुवटीखाली सोडतात, काही जण नाकासमोर. चांगल्या हेडसेटच्या माइकला पुढून आणि मागून अशी दोन भोकं असतात. लांबचा आवाज, म्हणजे पंखा, बाहेरची गर्दी, जीपचा हॉर्न, दोन्ही भोकांवर जवळपास सारखा पोचतो आणि एकमेकाला खोडतो. तोंडाजवळचा आवाज पुढच्या भोकावर जोरात पडतो, म्हणून तो टिकतो. माइक तोंडापासून दूर गेला की आपलाच आवाज लांबचा ठरतो आणि खोडला जातो. तो ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर असावा. अगदी समोर धरला तर श्वास आणि प-फ यांचे फुगे आदळतात. समोर रांग उभी असेल तिथं एका कानाचा हेडसेट घ्यावा, दुसरा कान माणसांसाठी मोकळा राहतो. कल्ला असेल तिथं दोन कानांचा.

एक गोष्ट कोणत्याही हेडसेटनं सुटत नाही. साध्या फोनच्या लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. बोलणं कळायला तो पुरतो, पण 'स'चा बराचसा शिट्टीसारखा भाग याच्या वर असतो आणि तो गळून जातो. मग 'स' की 'श', 'फ' की 'थ' हे कान अंदाजानं भरून काढतो. ओळखीचा शब्द असेल तर अंदाज बरोबर येतो. गावाचं किंवा वस्तीचं अनोळखी नाव असेल तर चुकतो. आपल्याकडे पिंपरी, पिंपळा, पिंपळगाव अशी नावं पावलोपावली आहेत, शिवाय त्यांच्या मागं-पुढं जोडलेली नावं वेगळी. म्हणून वहीत लिहिलेलं नाव फोनवरच परत वाचून दाखवायचं, जवळचं मोठं गाव विचारायचं. नव्या इंटरनेटवरच्या फोनांत दोन्ही बाजूंना सोय असेल तर ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, तिथं हा त्रास बराच कमी होतो. अर्थात हेडसेटही त्या तोडीचा हवा.

खरेदीची मागणी लिहिताना "हेडसेट, नग २" असं लिहून भागत नाही. फोन उलटा केल्यावर तळाशी जो चिकटवलेला कागद दिसतो, त्यावरचं कंपनीचं नाव आणि मॉडेल जसंच्या तसं मागणीत यावं. त्यापुढं खाच कोणती, रिसीव्हरची की वेगळी. हेडसेटचं बटण आहे की नाही. एक कान की दोन. खालची वायर याच मॉडेलला चालणारी. आणि स्पंजच्या दोन जादा जोड्या. स्पंजचं लिहायचं कारण, पाळीनं बसणाऱ्या माणसांनी एकच स्पंज कानाला लावू नये. प्रत्येकाचा वेगळा, नाव लिहिलेल्या पाकिटात.

शेवटचा विषय विजेचा, आणि वादळाच्या दिवसांत तो सगळ्यांवर मात करतो. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन गावात वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची वीज तारेतूनच यायची. आता बीएसएनएलचा फोन बऱ्याच ठिकाणी फायबरवर आला आहे. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. भिंतीवरच्या फायबरच्या डब्याला आपल्याच बोर्डातून वीज लागते, आणि त्याच्याच पाठीमागच्या खाचेत फोन लावलेला असतो. वीज गेली की डबा बंद आणि फोन मुका. इंटरकॉमचा डबा वेगळा, त्यालाही वीज हवी. बिनवायरच्या हेडसेटच्या बैठकीलाही हवी. इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूबलाइट असतात, पण फायबरचा डबा आणि इंटरकॉम त्याच इन्व्हर्टरच्या बोर्डावर आहेत की दुसऱ्याच, हे बहुतेक कार्यालयांत कुणी पाहिलेलं नसतं. मे महिन्यात एका दुपारी मेन स्विच पाच मिनिटं बंद करा आणि मोबाइलवरून कक्षाचा नंबर लावा. टेबलावर रिंग वाजली नाही तर वायरमनला त्याच दिवशी बोलवा.